मराठी हार्डकोअर हिप-हॉप अल्बम: कोऱ्या वहीपासून प्रकाशनाच्या शुक्रवारापर्यंत

कल्याणजवळच्या एका दहा बाय दहाच्या खोलीत गेली काही वर्षे मी रॅप करणाऱ्या मुलामुलींचे ध्वनिमुद्रण आणि मिक्सिंग करतो. येणारा जवळजवळ प्रत्येक जण पहिल्याच भेटीत सांगतो, ‘दादा, आपल्याला एकदम कडक पाहिजे’. आणि कडक म्हणजे काय, असे विचारले की उत्तर मिळते: आवाज मोठा, बेस जास्त, शिव्या भरपूर. हा लेख त्या उत्तरामुळे लिहावासा वाटला. माझ्या अनुभवात हार्डकोअर अल्बमचा कडकपणा नेमकेपणातून येतो. शब्द नेमका हवा, त्याची मात्रेवरची जागा नेमकी हवी, ध्वनिमुद्रण नेमके हवे आणि कागदपत्रेही तितकीच नेमकी हवीत. यातले एक जरी ढिले राहिले, तरी बाकीच्या तिन्हींची मेहनत वाया जाते.

हार्डकोअर हिप-हॉप हा प्रकार १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस परिसरातून पुढे आला. नाचायला लावणाऱ्या रॅपऐवजी वस्तीतले दारिद्र्य, पोलिसांशी होणारा संघर्ष आणि आपापसांतली चढाओढ हे त्याचे विषय झाले, आणि संगीतही त्याला साजेसे उघडेबोडके झाले: जड ड्रम, छोटा लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा) आणि वर फक्त माणसाचा आवाज. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंड भागाशी नाते सांगणाऱ्या वू-टँग क्लॅन या गटाने पहिले सिंगल (सुटे गाणे) स्वतःच काढले, ते चालल्यावर लाउड रेकॉर्ड्सशी करार केला आणि नोव्हेंबर १९९३ मध्ये पहिला अल्बम आणला. त्या करारात प्रत्येक सदस्याला एकट्याचे अल्बम हव्या त्या कंपनीकडे करण्याची मुभा त्यांनी मिळवली होती. अल्बमच्या काळपट, खरखरीत आवाजाबद्दल पुष्कळ बोलले जाते, त्या मुभेबद्दल कमी. मला मात्र तेच त्यांचे सर्वांत कडक काम वाटते. आपल्याकडे डिव्हाइन आणि नेझी या रॅपर्सच्या २०१५ मधल्या एकत्र गाण्यानंतर मुंबईचा गल्ली रॅप देशभर पोहोचला, आणि स्वदेशीसारख्या गटाने मराठीसह अनेक भाषांत रॅप केला. त्यामुळे मराठीत हे चालेल का, हा प्रश्न आता उरलेला नाही. प्रश्न आहे तो अल्बम पुरा करण्याचा.

आराखडा

अ‍ॅपल म्युझिकच्या वर्गवारीप्रमाणे सात किंवा त्याहून अधिक गाणी असली, अथवा एकूण लांबी ३० मिनिटांच्या पुढे गेली, की तो अल्बम; चार ते सहा गाणी अर्ध्या तासाच्या आत असतील तर ईपी, म्हणजे छोटा अल्बम. पहिल्या अल्बमसाठी नऊ गाणी आणि तीस ते पस्तीस मिनिटे हे माप मला योग्य वाटते. नऊ ठेवायची असतील तर चौदा लिहावीत. प्रत्येक गाणे एका वाक्यात कागदावर मांडावे, आणि दोन गाण्यांचे वाक्य सारखेच निघाले तर त्यातले एक निर्दयपणे काढून टाकावे. ‘मी खाली होतो, आता वर आलो’ हे वाक्य अल्बममध्ये एकदाच येऊ शकते. बहुतेक वह्यांत ते पाच वेळा असते.

वेळापत्रक प्रकाशनाच्या तारखेपासून उलटे मांडावे. साधारण सहा महिने धरले, तर पहिले दोन महिने बीट (रॅपखालचे संगीत) आणि लेखनाला, एक तालमीला, एक ध्वनिमुद्रणाला आणि एक मिक्सिंग-मास्टरिंगला (आवाजांचे मिश्रण आणि अंतिम सफाई) द्यावा. शेवटच्या महिन्यात संगीताला हात लावू नये. तो पूर्णपणे प्रकाशनाच्या कामांसाठी असतो. घरीच ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी पंचांगही पाहावे. वर पत्रा असेल तर जुलैत माइक लावण्यात अर्थ नसतो, आणि गणपती-नवरात्रात ढोल-ताशा व डीजेपुढे आवाज अडवायला टांगलेली कोणतीही गोधडी टिकत नाही.

बीट: तयार करणे, घेणे आणि त्यातले धोके

जुन्या न्यूयॉर्क वळणाच्या हार्डकोअर बीटची लय साधारण ८४ ते ९६ बीपीएममध्ये (मिनिटाला पडणाऱ्या मात्रा) असते. ९० बीपीएमला चार मात्रांचा एक बार सुमारे २.६७ सेकंदांचा होतो आणि सोळा बारांचा व्हर्स (कडवे) जवळपास ४३ सेकंदांचा. हा हिशेब लेखनाआधी डोक्यात असावा, कारण तेवढ्याच वेळात सगळे सांगायचे असते. त्या काळचा खरखरीत ड्रम हा बराचसा यंत्राच्या मर्यादेतून आला. १९८७ मध्ये आलेले ई-म्यू एसपी-१२०० हे यंत्र १२ बिटांवर चाले आणि त्यात जेमतेम दहा सेकंदांचे सॅम्पल (दुसऱ्या ध्वनिमुद्रणातून उचललेला तुकडा) मावत असे. म्हणून निर्माते रेकॉर्ड वाढीव वेगाने वाजवून सॅम्पल भरत आणि यंत्रात ते पुन्हा खाली आणत, त्यात आवाजाला धार चढे. आज संगणकावर तोच परिणाम बिट कमी करणाऱ्या प्लगइनने मिळतो, मात्र सगळ्याच ड्रमवर तो टाकल्यास गाणे नुसते घाण वाटते. स्नेअर (ड्रमचा कडक, तडतडीत ठोका) आणि लूप एवढ्यांवरच तो ठेवावा.

बीटचे तीन मार्ग आहेत. पहिला, स्वतः किंवा गटातल्या निर्मात्याने करणे. दुसरा, ऑनलाइन बीट भाड्याने घेणे, ज्याला सगळे ‘लीज’ म्हणतात. तिसरा, बीट एक्सक्लुझिव्ह, म्हणजे फक्त आपल्यासाठी, विकत घेणे. लीजमध्ये तेच बीट आणखी कितीही जणांना दिले जाऊ शकते, स्ट्रीमच्या संख्येवर मर्यादा असते, आणि बहुतेक परवान्यांत ते गाणे यूट्यूबच्या कंटेंट आयडीमध्ये (गाण्याची मालकी ओळखणारी यंत्रणा) नोंदवण्यास स्पष्ट मनाई असते. ही मनाई मी स्वतः एकदा वाचली नाही. एका गाण्याचे सगळे काम झाले, व्हिडिओ चढवला आणि तिसऱ्या दिवशी त्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी दावा आला: त्याने तेच बीट लीजवर घेऊन नियम मोडून नोंदवले होते. चूक त्याची असली तरी परवान्याची प्रत, पावती आणि निर्मात्याचा ईमेल शोधण्यात माझे तीन आठवडे गेले, आणि तोवर गाण्याची हवा ओसरली. तेव्हापासून प्रत्येक गाण्याच्या फोल्डरमध्ये ‘कागद’ नावाचे वेगळे फोल्डर असते आणि परवान्याची पीडीएफ त्यात असल्याखेरीज मी माइक चालू करत नाही.

जुन्या गाण्याचा तुकडा सॅम्पल म्हणून वापरायचा असेल तर दोन वेगळे हक्क विचारात घ्यावे लागतात: एक ध्वनिमुद्रणाचा, जो सहसा कंपनीकडे असतो, आणि दुसरा शब्द व चालीचा. भारतात ध्वनिमुद्रणाचे संरक्षण प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे असते. गीतकार आणि संगीतकार यांच्या हक्काची मुदत मात्र त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालते. त्यामुळे ‘रेकॉर्ड जुनी आहे, चालून जाईल’ हा समज अर्धवट आहे. ‘चारच सेकंद घेतले’ हाही बचाव नव्हे. अमेरिकेत १९९१ मध्ये बिझ मार्की या रॅपरच्या अल्बमची विक्री परवानगीविना घेतलेल्या सॅम्पलपायी न्यायालयाने रोखली, आणि तिथल्या हिप-हॉपची बांधणी त्या निकालानंतर बदलली.

माझा सल्ला असा, की सॅम्पल आपणच तयार करावे. हलगी, संबळ, डफ, तुणतुणे यांचा आवाज मुळातच रांगडा आहे आणि वाजवणारे आपल्या जवळपास आहेत. हलगीवादक वाजवण्याआधी चामडे शेकून घेतात आणि ते थंड होत गेले की सूर उतरतो. पहिल्यांदा ही गोष्ट आमच्या ध्यानात आली नव्हती, आणि एका तासाच्या ध्वनिमुद्रणातले सुरुवातीचे व शेवटचे ठोके एकत्र बसेनात. आता एका शेकणीत एकाच लयीचे सगळे टेक (ध्वनिमुद्रणाचे एकेक प्रयत्न) संपवतो, मग पुन्हा शेकू देतो. कलाकाराला मानधन हातात द्यावे आणि एका पानावर लिहून घ्यावे, की हे वादन कोणत्या अल्बमसाठी आहे, सॅम्पल म्हणून कापून वापरले जाणार आहे का, आणि नाव कसे छापायचे. कॉपीराइट कायद्यात सादरकर्त्यालाही स्वतंत्र हक्क आहेत. लोककलावंताला चहापाणी करून पाठवणे ही आपल्याकडची जुनी खोड आहे, आणि वस्तीच्या अन्यायावर अल्बम करणाऱ्याने तर ती मुळीच बाळगू नये.

लेखन: क्रियापदाचा सापळा

इंग्रजी आणि हिंदी रॅप ऐकून मराठीत लिहायला बसणाऱ्याला पहिली अडचण येते ती यमक फार सोपे असण्याची. मराठी वाक्य क्रियापदाने संपते, आणि ‘पाहिलं-राहिलं-वाहिलं’ किंवा ‘जातो-खातो-गातो’ अशी यमके व्याकरणच आपल्या हातात ठेवते. ऐकणाऱ्याला ती दोन ओळी आधीच कळतात, आणि अंदाज आलेला ठोसा लागत नाही. उदाहरणादाखल वहीत हमखास सापडणारी एक जोडी पाहा:

मी रस्त्यावरून आलो, मी सगळं काही पाहिलं,
सोडून गेले सगळे, माझं कोणीच नाही राहिलं.

यात एकही वस्तू दिसत नाही, आणि यमक व्याकरणाचे आहे. तोच माणूस, तीच परिस्थिती, पण वाक्याचा शेवट नामावर आणून असे लिहिता येते:

टेम्पोच्या टपावर सात जण, हातात फाटका हातमोजा;
ठेकेदाराच्या खातेवहीत आमचा घाम म्हणजे बोजा.

दुसऱ्या जोडीत शिवी नाही, तक्रारही नाही; हातमोजा आणि खातेवही एवढे पुरते. शिवाय ‘सात-हातात-हात’ ही आतली साखळी ओळ पुढे ढकलते, आणि ट-ठ यांचा मारा ड्रमच्या कामात भर घालतो. मराठीतले ट, ठ, ड, ढ, ख, घ हे वर्ण आपले खरे तालवाद्य आहेत. बारात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर येतो, तिथे हे वर्ण बसवावेत. न, म, ल, य असले मऊ वर्ण मधल्या जागी सोडावेत. यासाठी वहीत प्रत्येक बारासाठी सोळा चौकोन आखावेत, मात्रेला चार, आणि अक्षरे त्यात भरावीत. अक्षरे मोजताना लिहिलेले मोजू नये, उच्चारलेले मोजावे: ‘हातमोजा’ लिहिताना चार अक्षरे दिसतात, बोलताना मात्र ‘हात्-मो-जा’ असे तीनच ठोके पडतात. मधला हा अनुच्चारित ‘अ’ न ओळखल्यामुळेच अनेकांचा फ्लो (शब्दांची लयीतली चाल) कागदावर बसतो आणि माइकसमोर घसरतो.

बोलीबाबत एकच सांगणे आहे, की आपली सोडू नये. वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी, कोल्हापुरी किंवा मुंबईची मिसळ, घरात जी बोलतो तीच वापरावी, कारण उसन्या बोलीतला राग लगेच खोटा वाटतो. रचनेसाठी बाहेर पाहण्याआधी पोवाडा ऐकावा. शाहीर कडवे फेकतो आणि मागचे झीलकरी ‘जी जी रं जी’ म्हणत ओळीचा शेवट उचलून धरतात. रॅपमध्ये मागून येणाऱ्या अ‍ॅड-लिबचे (छोट्या आरोळ्यांचे) काम हेच आहे. अ‍ॅड-लिब लिहून ठेवावेत. आयत्या वेळी सुचतील असे म्हणणारे सगळेच जण ‘ये’ आणि ‘चल’ यापलीकडे जात नाहीत.

शेवटची चाळणी म्हणून आख्खे गाणे बीटशिवाय, साध्या आवाजात कुणासमोर तरी म्हणावे. जी ओळ ऐकवताना आपली नजर खाली जाते, ती ओळ बदलावी.

शब्दांची जबाबदारी

हार्डकोअर रॅपमध्ये सत्तेवर, पोलिसांवर, नेत्यांवर बोलले जाते, आणि ते बोलणे हेच या प्रकाराचे प्रयोजन आहे. तरीही परिणामांची माहिती असलेली बरी. एप्रिल २०२३ मध्ये राजकीय टीका करणाऱ्या दोन मराठी रॅपर्सवर महाराष्ट्रात गुन्हे नोंदवले गेले होते. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत सार्वजनिक जागी इतरांना त्रास होईल अशी अश्लील गाणी म्हणण्याबद्दल कलम २९६, गटागटांत वैर वाढवण्याबद्दल कलम १९६ आणि अब्रुनुकसानीबद्दल कलम ३५६ आहे. इंटरनेटवरील अश्लील मजकुरासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७ वेगळे आहे. व्यवस्थेवर, धोरणावर, जाहीर झालेल्या घटनेवर बोलणे आणि एखाद्या खासगी व्यक्तीचे नाव घेऊन तिच्यावर सिद्ध न झालेला गुन्हा लादणे यांत फरक आहे, आणि तो लिहितानाच पाळावा. जातिवाचक शिवी, ती ‘पात्राच्या तोंडी’ असली तरी, मी माझ्या खोलीत ध्वनिमुद्रित करत नाही. शंका असेल त्या गाण्याचे शब्द छापून वकिलाला दाखवावेत.

ध्वनिमुद्रण

बीट आणि शब्द तयार झाले की थेट माइककडे धावू नये. प्रत्येक व्हर्स तोंडपाठ होईपर्यंत आणि श्वासाच्या जागा पक्क्या होईपर्यंत तालीम करावी. मोबाइलवर वाचत केलेले रॅप कितीही सफाईदार असले तरी वाचल्यासारखेच ऐकू येते, कारण डोळे ओळीच्या पुढे धावतात आणि जोर मागे राहतो.

घरातल्या खोलीसाठी महागड्या कंडेन्सर माइकपेक्षा चांगला डायनॅमिक माइक बरा, कारण तो समोरचे उचलतो आणि भिंतींचा प्रतिध्वनी कमी घेतो. खोलीच्या मध्यभागी किंवा कोपऱ्यात उभे राहू नये. उघडे कपाट पाठीमागे ठेवावे, दोन्ही बाजूंना गोधड्या टांगाव्यात आणि पायाखाली सतरंजी घालावी. पंखा बंद, फ्रिजचे बटण बंद, मोबाइल एअरप्लेन मोडवर. माइकपासून तोंडाचे अंतर एक वीतभर, मध्ये पॉप फिल्टर (हवेचा झोत अडवणारी जाळी), आणि माइक किंचित बाजूला कललेला असावा. मराठीतले भ, फ, ध यांसारखे हवा सोडणारे वर्ण सरळ माइकवर आदळले की ‘भप्प’ असा आवाज येतो आणि तो नंतर पुरता निघत नाही. फाइल २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवावी, आणि सर्वांत मोठ्या ओरडण्यालाही मीटर उणे ८ ते उणे १० डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये. ही पातळी ओरडणाऱ्याच्या तालमीवर ठरवावी, बोलण्यावर नव्हे, कारण खरे टेक सुरू झाले की प्रत्येक जण तालमीपेक्षा मोठा होतो.

क्रम असा ठेवावा. आधी आख्खा व्हर्स न थांबता पाच-सहा वेळा घ्यावा. त्यातून एक मुख्य टेक निवडावा आणि फक्त चुकलेले शब्द दुसऱ्या टेकमधून आणावेत. ओळ-ओळ तोडून ध्वनिमुद्रण करण्याची सवय नको, कारण त्यात राग प्रत्येक ओळीला नव्याने सुरू होतो आणि सोळाव्या बारापर्यंत वाढत जात नाही. मग डबल्स (तेच शब्द पुन्हा म्हणून वर चढवलेला थर) घ्यावेत, तेही ओळीच्या शेवटच्या दोन-तीन शब्दांवरच. पूर्ण व्हर्सवर डबल टाकला की शब्द पुसट होतात. शेवटी अ‍ॅड-लिब, माइकपासून हातभर मागे सरून. घसा हे तासाभराचे भांडवल आहे: ओरडायची गाणी दिवसाच्या शेवटी घ्यावीत, एका दिवसात दोनपेक्षा जास्त नकोत, आणि गार पेय अजिबात नको.

श्वास सगळे काढून टाकू नयेत. एकदा एका मुलाचा सर्वोत्तम टेक शेवटच्या बारात शेजारच्या कुकरच्या शिट्टीने बिघडला. आम्ही तो पुढे अकरा वेळा घेतला, एकही त्याच्या जवळ गेला नाही, आणि अखेर शिट्टीसकट तोच टेक अल्बममध्ये गेला. ऐकणाऱ्यांना वाटले, ती मुद्दाम घातली आहे.

मिक्सिंग आणि मास्टरिंग

इथे मी थोडक्यात सांगतो, कारण हे काम वाचून येत नाही. आवाजात ८० हर्ट्झच्या खालचे सगळे कापावे. २०० ते ४०० हर्ट्झच्या पट्ट्यात खोलीचा घुमारा साठतो, तो हलका करावा. शब्द पुढे येत नसतील तर ३ ते ५ किलोहर्ट्झमध्ये थोडीशीच वाढ द्यावी. स, श, च हे वर्ण मराठीत वारंवार येतात आणि कॉम्प्रेशननंतर (आवाजातला चढउतार कमी केल्यावर) टोचतात, म्हणून ते मऊ करणारा डी-एसर लागतोच. कॉम्प्रेसर एकच जोरात लावण्यापेक्षा दोन हलके लावावेत. किक (ड्रमचा जड ठोका) आणि ८०८ (लांबणारा खोल बेस) एकाच वेळी वाजत असतील तर किकच्या क्षणी ८०८ साइडचेनने खाली दबवावा. बीट एकाच दोन-ट्रॅक फाइलमध्ये घेतले असेल तर यातले निम्मे करता येत नाही, म्हणून लीज घेताना स्टेम्स (प्रत्येक वाद्याची वेगळी फाइल) मागावेत, थोडे पैसे जास्त गेले तरी.

मिक्स मोठ्या स्पीकरवर छान वाटणारच. तो फोनच्या स्पीकरवर, रस्त्यावर मिळणाऱ्या स्वस्त इअरफोनवर आणि ओळखीच्या रिक्षावाल्याच्या मागच्या स्पीकरवर ऐकावा. शब्द तिथेही कळले तरच तो पूर्ण झाला. स्पॉटिफाय सर्व गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचे माप) पातळीवर आणून वाजवते. त्यामुळे मास्टर चिरडून मोठा केल्यास सेवा तो खाली ओढते आणि हाती उरतो तो फक्त चिरडलेपणा. हार्डकोअरला थोडा दाब शोभतो, म्हणून मी उणे ९ च्या आसपास थांबतो आणि ट्रू पीक (आवाजाचे सर्वांत उंच टोक) उणे १ च्या खाली ठेवतो. प्रत्येक गाण्याच्या चार फाइली काढून ठेवाव्यात: मूळ, शिव्या वगळलेली स्वच्छ, नुसते बीट, आणि कार्यक्रमासाठी हुक (पुन्हा पुन्हा येणारे धृपद) व अ‍ॅड-लिबसह पण मुख्य आवाजाविना. ही चौथी फाइल नसली की मंचावर सोळा बार एका दमात म्हणताना फजिती होते.

वाटणी आणि नोंदणी

ज्या दिवशी गाणे पूर्ण होते, त्याच दिवशी वाटणीचा कागद करावा. गाण्याचे नाव, तारीख, शब्द कोणाचे, बीट कोणाचे, पाहुण्या रॅपरचा व्हर्स कोणता, प्रत्येकाची टक्केवारी आणि सह्या, एवढे एका पानात मावते. दोस्तीत हिशेब कशाला, असे म्हणणाऱ्यांच्या दोस्त्या मी पहिल्या चेकला तुटताना पाहिल्या आहेत.

कंपनीशी करार करताना दोन-तीन तरतुदी पाठ असाव्यात. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे हक्कांचे हस्तांतर लेखी आणि सहीनिशी असावे लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे मानली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर शब्दकार आणि संगीतकार यांना रॉयल्टीतला आपला समान वाटा वारस किंवा कॉपीराइट सोसायटी वगळता कोणालाही सोडून देता येत नाही. ‘सर्व माध्यमे, सर्व जग, कायमस्वरूपी’ असे छापील वाक्य समोर आले तर सहीआधी एक आठवडा मागून घ्यावा.

शब्द आणि संगीताच्या रॉयल्टीसाठी आयपीआरएस या सोसायटीचे सभासद व्हावे आणि प्रत्येक गाणे तिथे वाटणीच्या टक्केवारीसह नोंदवावे. डिस्ट्रिब्युटर (गाणी स्ट्रीमिंग सेवांवर पोहोचवणारी कंपनी) देतो ते पैसे ध्वनिमुद्रणाचे असतात, हे नव्वद टक्के मुलांना कोणी सांगितलेलेच नसते. कॉपीराइट कार्यालयातली नोंदणी ऐच्छिक आहे, पण वाद झाल्यास पुरावा म्हणून उपयोगी पडते.

प्रकाशन

डिस्ट्रिब्युटर निवडताना तो वार्षिक फी घेतो की कमाईतला हिस्सा, आणि फी थांबली तर गाणी उतरवली जातात का, हे आधी वाचावे. कंपनी अमेरिकेतली असेल तर पॅन क्रमांकासह डब्ल्यू-८बेन हा अमेरिकी कराचा अर्ज भरावा, नाहीतर तिथून होणाऱ्या कमाईवर ३० टक्के कर कापला जाऊ शकतो. मुखपृष्ठ चौरस, ३००० गुणिले ३००० पिक्सेलचे लागते. छायाचित्र आणि अक्षरलेखन करणाऱ्यांची परवानगी ‘कागद’ फोल्डरमध्ये जाते. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला १२ अंकाक्षरांचा आयएसआरसी क्रमांक मिळतो. सिंगल आधी काढले असेल, तर अल्बममध्ये त्या गाण्याला तोच जुना क्रमांक द्यावा, म्हणजे आधीचे स्ट्रीम जोडलेले राहतात.

माहिती भरताना घाई नडते. कलाकाराचे नाव सगळीकडे एकाच स्पेलिंगमध्ये हवे, भाषा ‘मराठी’ निवडलेली हवी, शिव्या असलेल्या प्रत्येक गाण्यावर ‘एक्स्प्लिसिट’ ही खूण हवी. खूण न लावल्यास गाणे परत येऊ शकते किंवा नंतर उतरवले जाऊ शकते, आणि ती लावल्याने ऐकणारे पळून जातात असे मी तरी पाहिलेले नाही.

अल्बम किमान चार आठवडे आधी चढवावा. स्पॉटिफायच्या संपादकांकडे एकच गाणे सुचवता येते आणि ते प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी सुचवावे लागते. सर्वांत गाजेल असे वाटणारे गाणे देण्यापेक्षा पहिल्या वीस सेकंदांत आवाज सुरू होणारे द्यावे. शब्द देवनागरीत टंकून गीत-सेवांकडे पाठवावेत, कारण मराठी नसलेला श्रोताही शब्द पाहत ऐकतो आणि चुकीचे शब्द एकदा पसरले की आवरत नाहीत. अल्बमच्या आधी दोन सिंगल, तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने, पुरे. जगभर नवे संगीत शुक्रवारी येते, तोच वार ठेवावा. व्हिडिओचे पैसे एका गाण्यावर एकवटावेत, आणि तो जिथे गाणे घडते तिथेच चित्रित करावा. भाड्याच्या गाडीसमोरचे नृत्य टेम्पोच्या टपावरच्या गाण्याला मारून टाकते.

पहिला कार्यक्रम वस्तीतच करावा. ध्वनिक्षेपकासाठी पोलीस ठाण्याची परवानगी आधी काढावी आणि रात्री १० ला आवाज बंद होईल असा क्रम आखावा. म्हणजे सर्वांत जड गाणे पावणेदहाला संपले पाहिजे.

कमाईबद्दल भ्रम नको. स्पॉटिफायवर २०२४ पासून मागील बारा महिन्यांत किमान १,००० स्ट्रीम झालेल्या गाण्यालाच ध्वनिमुद्रणाची रॉयल्टी मिळते, आणि आकडे हिशेबात उतरायला दोन-तीन महिने लागतात. पहिले विवरण आले की ते वाटणीच्या कागदाशेजारी ठेवून ओळ-ओळ तपासावे, प्रत्येकाचा वाटा त्याच आठवड्यात पाठवावा, आणि हलगीवादकाचे नाव सर्व सेवांवर बरोबर छापले गेले आहे का ते पाहून, नसल्यास डिस्ट्रिब्युटरला दुरुस्तीचा ईमेल टाकावा.